झोळीची दोरी

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या रानात दुपारची पंगत बसली होती. कडब्याच्या खोपीत चुन्याने रंगवलेले पांडव, त्यांच्यापुढं आंबिलाचं मडकं आणि पत्रावळीवर भज्जी, उंडे, गव्हाची खीर. या अमावस्येला लातूर शहर ओस पडतं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि ज्याला रान नाही त्यालाही कुणीतरी आपल्या रानात जेवायला बोलावतं. माझी साडेतीन वर्षांची लेक घरी ताटात हिरवा दाणा दिसला तरी ओठ घट्ट मिटून घेते. इथं ती मांडी घालून, कोवळा हरभरा, तुरीचे दाणे, वालाच्या शेंगा घातलेली भज्जी स्वतःच्या हाताने खात होती. बेसन कोपरापर्यंत गेलं होतं, थोडं नाकाच्या शेंड्यावरही होतं.

शेजारी अक्का, माझी थोरली बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. एकवीस वर्षं झाली, नांदेडला अंगणवाडी सेविका आहे. मी लातूरला एका पतसंस्थेत काम करते. आम्ही दोघी भेटलो की लेकरांवरून आमचं वाजतंच. त्या दुपारी जे वाजलं ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण माझ्याच लहानपणातलं एक मला ठाऊक नसलेलं त्यात निघालं.

मी : बघ अक्का, कशी खायलीय. मोबाइल नाही, चिऊ-काऊ नाही, वाटी घेऊन मागं पळणं नाही. आपल्या लहानपणी सगळं असंच होतं. लेकरं आपोआप वाढायची.

अक्का : आपोआप म्हणायलीस?

मी : मग काय. मायला घरचा स्वयंपाक, रान, जनावरं. ती कधी आपल्यामागं धावली का? मी दोन लेकरांत दमून जाते. साडेसहाला थोरल्याचा डबा. आठला हिची आंघोळ, आणि आंघोळीच्या आधीच रडणं की पाणी डोळ्यात गेलं. पाणी अजून बादलीत असतं गं, पण हिच्या डोळ्यात गेलेलं असतं!

अक्का हसली. तिच्या अंगणवाडीत तीस लेकरं आहेत. परवा एकाने चपला उलट्या घातल्या होत्या. ती त्याला म्हणाली, 'बाळा, उलट्या झाल्यात, सरळ कर.' त्याने थोडा विचार केला, चपला जागच्या जागी ठेवून पायांची तिढी घातली, उजवा पाय डावीकडं, डावा उजवीकडं, आणि तसाच डुलत उभा राहून विचारलं, 'बाई, आता बरोबर?' अक्काने सांगितलं, बरोबर. एवढी मेहनत केल्यावर दुसरं काय सांगणार, असं तिचं म्हणणं.

अक्का : हिच्या खाण्याचं मी सांगते. मागं तुम्ही नांदेडला आलतात तेव्हा आपण हजूर साहिबला लंगरमध्ये बसलो होतो, आठवतंय? हिनं दोन्ही हात पुढं करून रोटी घेतली, डाळ खाल्ली, भाजीसुद्धा खाल्ली. तिथं काय वेगळं होतं? रांगेत सगळी माणसं खायलेत, वाढणारा पुढं चाललाय, आणि हिच्या तोंडाकडं टक लावून कुणी बघंना. घरी हिच्या एका तोंडावर तुझे दोन डोळे. एवढं बघितल्यावर माझासुद्धा घास अडकंल.

मी : पटलं. पण दुसऱ्या मजल्यावर रोज रात्री मी पंगत कुठून आणू? हे कामावरून आठला येतात. थोरला तोवर क्लासला. सात ते आठ मी, ही आणि कुकर. मग मी मोबाइल लावून देते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये काय सांगितलंय ते मला पाठ आहे. एक वर्षाच्या लेकराला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्याला दिवसाला तासाच्या वर नको, त्याहून कमी तर आणखी बरं. मान्य आहे. पण तो तास संपला की पुढचा वेळ लेकरू कुणाजवळ ठेवायचं, ते त्यांनी सांगितलेलं नाही.

अक्का : कामाला लाव. शेंगा सोलायला दे.

मी : दिल्या होत्या. टरफलं बाथरूमपर्यंत गेली, दाणे सोफ्याखाली, आणि एक दाणा नाकात. रात्री नऊला डॉक्टरकडं गेलो. तो काढून झाल्यावर ही डॉक्टरांना म्हणते, 'तो माझाय, द्या.'

यावर अक्का हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

अक्का : माझं चुकलं. शेंगदाणा एवढ्या लेकराच्या हातात एकट्यानं द्यायचाच नसतो, श्वासनळीत जाऊ शकतो. मी दुसऱ्यांच्या आयांना हेच सांगत फिरते आणि बहिणीला सांगताना विसरले. मेथी निवडायला दे. पण मेथी निवडतानाही कुणीतरी जवळ लागतंच, ते तुझं खरंय.

अक्काचं हे मला फार आवडतं. चूक दिसली की ती तिथल्या तिथं मान्य करते.

मी : आणि लातूरचं लेकरू ते, त्याचे खेळही लातूरचेच. आमच्या वरच्या मजल्यावर अकरावी-बारावीची पोरं राहतात. परभणी, हिंगोली, बीड, कुठून कुठून नीटच्या तयारीला आलेली. जिन्यात दिवसभर त्यांचं बोलणं हिच्या कानावर. घरातल्या सगळ्या चपला ओळीत मांडते, समोर पाटावर बसते आणि विचारते, 'डाउट कुणाला आहे?' यांचे बूट रोज गैरहजर, कारण हे ते घालून गेलेले असतात. संध्याकाळी हे दारात आले की बुटांकडं बघून म्हणते, 'उद्या पालकांना घेऊन या.' चौकात गुणवंतांच्या फोटोंचे फ्लेक्स लागले की रिक्षातूनच हात जोडते. ओळीनं लावलेले फोटो म्हणजे देव, असं तिला वाटतं.

अक्का : आपल्या भागातून पोरं डॉक्टर व्हायलीत, मला अभिमान आहे. तुझ्या दाजींचा पुतण्या तिथूनच शिकला. पण साडेतीन वर्षांच्या लेकराच्या आया माझ्याकडं येऊन विचारतात, 'बाई, तुम्ही लिहायला कधी घेणार?' त्यांना मी सांगते, बोटात अजून बळ नाही, आधी माती मळू दे, मणी ओवू दे. मग ते लेकरू नाव कापून कुठं जातं? जिथं पाटी-पेन्सिल पहिल्या दिवशी देतात तिथं. अंगणवाडी निघाली कशी ते बघ. ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढं कोसबाडला काम केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पाड्यावरची लेकरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच लेकरांच्या अंगणात नेली. म्हणून अंगणवाडी. सरकारची योजना त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. ट्रेनिंगला हे ऐकलं तेव्हा मला एकच गोष्ट लागली. अंगणातच का नेली? तिथं आधीपासून माणसं होती. म्हातारी होती, कोंबड्या होत्या, येता-जाता बघणारं कुणीतरी होतं.

मी : तेच तर म्हणते मी! पूर्वी अंगण होतं.

अक्का : थांब. आधी मला एक सांग. थोरल्याला पहिल्या वर्षी सारखं डायपर लावायचीस. मी फोनवर बोलले होते तुला.

मी : बोलली होतीस. मी उत्तर दिलं नव्हतं, आज देते. २०१६ चा उन्हाळा होता. मांजरा धरण आटलेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. थोरला तेव्हा पाच महिन्यांचा. टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावलेली. दिवसाला दहा-बारा लंगोट व्हायचे. भांडी विसळलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. लंगोटापर्यंत पाणी पोचायचंच नाही. डायपरचं पाकीट आणताना किराण्यातून काय काय कमी करायचे ते मलाच ठाऊक. त्याला पुरळ उठायचं, मग रात्री खोबरेल लावून पंख्याखाली उघडा ठेवायचे आणि त्याच्या शेजारी जागी बसायचे, कारण चादर ओली झाली तर तीही धुता येणार नव्हती. आणि तू फोनवर म्हणालीस, आजकालच्या आयांना कष्ट नकोत.

अक्का : हे तेव्हा का नाही सांगितलंस?

मी : तू विचारलं नव्हतंस, अक्का. तू सल्ला दिला होतास.

खोपीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. वहिनी आंबील वाढून गेल्या. लेकीने तांब्या दोन्ही हातांनी उचलून 'पाणी हवं का कुणाला?' म्हणून सगळ्यांना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आबांच्या खिरीत ओतलं. आबांनी खीर तशीच खाल्ली.

अक्का : आमच्याकडं पाण्याला तीन नावं आहेत. कुणी 'पाणी' म्हणतं, कुणी 'पानी होना' म्हणतं, आणि धर्माबाद-बिलोलीकडून आलेल्या घरांतली लेकरं 'नीळ्ळू' म्हणतात. एक दिवस एक पोरगी दुसरीला म्हणाली, 'तुझं पाणी दे ना, माझं नीळ्ळू संपलं.' तिच्या लेखी ती दोन वेगळी पाणी होती. एक दुसरीचं, एक स्वतःच्या घरचं.

हे सांगताना ती उठली. भावाचं सात महिन्यांचं बाळ बाभळीला बांधलेल्या झोळीत होतं, तिने त्याला उचललं आणि पिशवीतून दंडघेराची पट्टी काढली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती पट्टी तिच्या पिशवीत असतेच. बाळाचा डावा हात सरळ करून खांदा आणि कोपराच्या मधोमध तिने ती गुंडाळली आणि खिडकीतला आकडा वाचला. तेरा पूर्णांक आठ. हिरवा. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली गेलं की पिवळा, साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे लेकरू तीव्र कुपोषित. पट्टी सोडली तरी तिची बोटं बाळाच्या दंडावरच होती.

अक्का : तुझ्या आधीचा एक होता आपल्यात, ठाऊक आहे ना तुला?

मी : 'एक गेला' एवढंच ठाऊक आहे. माय बोलत नाही.

अक्का : दीड वर्षाचा होता. त्याचा दंड माझ्या दोन बोटांच्या कड्यात मावायचा. मी अकरा वर्षांची होते. त्याला जुलाब लागले. पाणी दिलं तर अजून होतील म्हणून सगळ्यांनी त्याचं पाणी तोडलं. तो तांब्याकडं हात करायचा. मायनं तांब्या फळीवर ठेवला, त्याला दिसू नये म्हणून. मायची चूक नव्हती, तिला तसंच सांगितलेलं होतं. तिसऱ्या दिवशी गेला. सेविका झाल्यावर ट्रेनिंगमध्ये मॅडमनी फळ्यावर लिहिलं, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मी वही बंद करून बाहेर गेले. साखर होती आपल्या घरी. मीठ होतं. पाणी फळीवरच होतं.

मला काय बोलावं ते कळेना.

अक्का : म्हणून तू 'आपोआप' म्हणालीस की मला राग येतो. आता कुणाच्याही घरी जुलाबाचं ऐकलं की मी ओआरएसची पाकिटं आणि चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या घेऊन जाते. वहीत नोंद करते, मग पोषण ट्रॅकरवर भरते. नेट गेलं की पुन्हा भरते. तू म्हणतीस मी सारखी मोबाइलमध्ये असते. असते. त्यात तीस लेकरांची वजनं आहेत.

मी : मला हे माहीत नव्हतं गं.

अक्का : अजून एक माहीत नाही तुला. भूकंप झाला तेव्हा तू दोन वर्षांची होतीस, तरी झोळीशिवाय झोपायची नाहीस. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायचे होते. मी झोळीशेजारी झोपले होते, कारण रात्रीतून तू रडलीस की दोरी मी ओढायची. मला जाग आली तर झोळी हलत होती. मला वाटलं, माय ओढतेय. बघितलं तर माय पलीकडं झोपलेली. दोरी मोकळी लोंबतेय, आणि झोळी चाललीय. मग वरचं पत्र्याचं पान वाजलं. मी तुला झोळीसकट ओढून काढलं, लुगडं फाटलं. किल्लारीकडं काय झालं ते दिवस उजाडल्यावर कळलं. पुढं किती तरी रात्री अख्खं गाव अंगणात झोपायचं.

मी : झोळी फाटली हे माय सांगते. तू काढलंस हे सांगत नाही.

अक्का : शाळा काही दिवस बंद होती. पुन्हा भरली तेव्हा माय रानात जायला लागली, आजी अंथरुणाला खिळलेली. तुला कोण बघणार? मी आठवीत होते. म्हणाले सगळे, दिवाळीपर्यंत थांब. मग म्हणाले, संक्रांतीपर्यंत. मग वर्षच गेलं. नंतर लग्न झाल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली मी. तू म्हणतीस ना, माय कधी आपल्यामागं धावली नाही? बाई, धावत मी होते.

हे वाक्य तिने अजिबात आवाज न चढवता म्हटलं. बाळाच्या टाळूवरून हात फिरवत होती ती. तिच्या त्या एका वर्षावर मी पळायला शिकले, नीट बोलायला शिकले, आणि पुढं एकही दिवस न चुकवता शाळेत गेले. चौतीस वर्षांच्या आयुष्यात हे मी एकदाही मोजलं नव्हतं. आज मला वाटतं, लहानपणीच्या सोप्या दिवसांच्या आठवणी काढणाऱ्या प्रत्येकाने घरातल्या थोरल्या बहिणीला एकदा विचारावं, तेव्हा तुझी शाळा कुठं होती.

मी : अक्का, मग तू मला का रागावत नाहीस?

अक्का : तुझ्यावर कशाला? तू झोळीत होतीस. मला राग त्या पाळण्याच्या दोरीच्या म्हणीचा येतो. महिला दिनाला सगळे भाषणात वापरतात. दोरी एकीच्याच हातात दिली की बाकीचे हात मोकळे, आणि वरून तिचा सत्कार. आम्हाला पगार नाही म्हणत, मानधन म्हणतात. २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की या बायकांना ग्रॅच्युइटी लागू आहे, तोवर तेही धरत नव्हते. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही संपावर गेलो ते जानेवारी संपत आला तोवर. अंगणवाडीला कुलूप. तेव्हा त्याच लेकरांचे बाप माझ्या दारात येऊन म्हणाले, 'बाई, कधी उघडता? घरात राहवत नाही.' तीन आठवड्यांत त्यांना कळलं की तीस लेकरं सांभाळणं हे काम आहे.

मी : घरातल्या दोनाचं कुणाला कळतं?

अक्का : तू संप कर.

मी : आणि कुकर?

अक्का : कुकर त्यांना लावू दे. शिट्ट्या मोजायला डिग्री लागत नाही.

एवढ्यात माझा थोरला धापा टाकत आला. बैलांची शिंगं बघून झाली होती, बोरं खिशात होती. अक्काने बाळाला झोळीत ठेवलं आणि दोरी त्याच्या हातात दिली. मला ते बरं वाटलं नाही.

मी : आत्ता तू काय सांगितलंस? आणि पुन्हा लेकराच्याच हातात दोरी?

अक्का : अर्धा तास ओढणं वेगळं, वर्षभर ओढणं वेगळं. त्याला अर्धा तास ओढू दे. उद्या त्याला लेकरू झालं तर दोरी परकी वाटायला नको. पण त्याचा अर्धा तास झाला की दुसऱ्या कुणीतरी यायचं, एवढं मोठ्यांनी बघायचं. आपल्या घरी ते कुणी बघितलं नाही.

मला तिचं सगळंच पटलं असं नाही. लातूरच्या माझ्या घरात रात्री सात ते आठ तो दुसरा कुणी कोण, याचं उत्तर तिच्याकडं नव्हतं. मोबाइलवरून आम्ही पुन्हा भांडू, हे दोघींनाही ठाऊक आहे.

थोरला बाभळीच्या बुडाला टेकून एका हाताने दोरी ओढत होता, दुसऱ्या हाताने बोरं खात होता. धाकटी त्याच्या चपला काढून घेऊन ओळीत मांडत होती. मग बांधावरून कुणीतरी त्याला हाक मारली, विहिरीत कासव दिसलंय म्हणून. तो दोरी सोडून पळाला. झोळी दोन-चार हेलकावे घेऊन थांबली. बाळ कुरकुरलं, आणि मग रडायला लागलं.

वहिनी चुलीपाशी होत्या, त्या उठल्या. माय पदर सावरत उठली. मीही उठायला गेले. अक्काने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने मायला खुणावलं.

"बसा," ती म्हणाली. मग विहिरीकडं तोंड करून भावाला मोठ्याने हाक मारली.

पुरुष सगळे विहिरीच्या काठावर वाकून कासव बघत होते. बाळ रडतच होतं. माय दोनदा अर्धवट उठली आणि बसली. अक्काने दुसरी हाक मारली. तेव्हा भाऊ आणि माझे हे, दोघंही उसाच्या सरीतून चिखल तुडवत पळत आले. हे आधी पोचले. हात मातीचे होते, ते धोतराच्या फडक्याला पुसले, पुरेसे पुसले गेलेत का ते उलटसुलट करून बघितले आणि दोरी धरली.

"ह्याला किती जोरात ओढायचं असतं?" त्यांनी विचारलं.

माय पटकन काही सांगणार होती. अक्का म्हणाली, "त्यालाच विचारा. झोपला की बरोबर."